पगार कामगाराचा, बिल इस्पितळाचे

१ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेच्या केंद्र सरकारचे कामकाज बंद पडले आणि पुढे ४३ दिवस ते बंदच राहिले. लाखो सरकारी नोकरांचे पगार अडले, विमानतळांवर खोळंबा होऊ लागला. एवढा मोठा तंटा युद्धावरून किंवा परराष्ट्र धोरणावरून झाला नव्हता. तो झाला आरोग्य विम्याच्या हप्त्यावरून. जे लोक आपला विमा स्वतः विकत घेतात त्यांना सरकार २०२१ पासून वाढीव मदत देत होते. ती पुढे चालू ठेवावी असे डेमोक्रॅटिक पक्षाचे म्हणणे होते. रिपब्लिकन पक्ष त्यास राजी नव्हता. अखेर सरकार सुरू झाले, परंतु वाढीव मदत २०२५ च्या शेवटच्या दिवशी संपली. त्या वर्षी अशा रीतीने विमा घेणाऱ्यांची संख्या सुमारे २ कोटी ४० लाख होती.

या बातम्या आपल्याकडील वृत्तपत्रांतही आल्या आणि पुष्कळांना नवल वाटले. जगातील सर्वांत धनाढ्य देशातील माणसाला डॉक्टरचे बिल का परवडू नये? त्याचे उत्तर केवळ त्या २ कोटी ४० लाखांकडे पाहून मिळणार नाही. अमेरिकेतील बहुसंख्य कामकरी कुटुंबांचा विमा सरकारकडून येत नाही, बाजारातूनही येत नाही. तो नोकरीबरोबर येतो. सुमारे १५ कोटी ४० लाख लोक, म्हणजे कामगार व त्यांची बायका-मुले, अशा विम्यावर अवलंबून आहेत. रोग कामगाराच्या शरीरात आणि औषधाची किल्ली मालकाच्या खिशात, अशी ही व्यवस्था आहे. तिच्यातूनच खर्चाचे ओझे कसे वाढत गेले, हे या लेखात पाहू.

पन्नास सेंटचा विमा

या व्यवस्थेचा आरंभ मोठा साधा आहे. १९२९ साली टेक्सास राज्यातील डॅलस शहरात बेलर विद्यापीठाचे इस्पितळ आर्थिक अडचणीत होते. रुग्णांकडे बिले थकत होती. त्या इस्पितळाचा कारभार पाहणारे जस्टिन फोर्ड किंबल हे पूर्वी शहराच्या शाळाखात्याचे प्रमुख होते. शिक्षकांची मिळकत किती आणि आजारपणात त्यांची ओढाताण कशी होते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी शिक्षकांपुढे एक योजना मांडली. प्रत्येकाने दरमहा ५० सेंट द्यावेत आणि गरज पडल्यास वर्षातून २१ दिवसांपर्यंत इस्पितळात विनामूल्य राहावे. शिक्षक निश्चिंत झाले आणि इस्पितळाला नियमित पैसा मिळू लागला. पुढे ‘ब्लू क्रॉस’ नावाने देशभर पसरलेल्या विम्याचे हे बीज होय.

दुसऱ्या महायुद्धात या रोपट्याला वेगळेच वळण लागले. १९४२ साली सरकारने महागाई रोखण्यासाठी पगारवाढीवर बंधन घातले. तरुण माणसे सैन्यात गेलेली, कारखान्यांना हातांची गरज, आणि पगार तर वाढवता येत नाही. मग मालकांनी विम्याचे आमिष दाखवण्यास सुरुवात केली, कारण विम्यावर ते बंधन नव्हते. १९५४ च्या करकायद्याने मालकाने भरलेला हप्ता कामगाराच्या करपात्र उत्पन्नात धरायचा नाही, हे पक्के केले. युद्धकाळात केलेली सोय अशी कायमची रीत होऊन बसली.

वेगळा मार्ग सुचवला गेला नव्हता असे नाही. १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सर्व नागरिकांसाठी राष्ट्रीय आरोग्य विम्याचा प्रस्ताव मांडला. डॉक्टरांच्या संघटनेने त्याला कडाडून विरोध केला आणि तो बारगळला. वीस वर्षांनी, ३० जुलै १९६५ रोजी, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ आणि गरिबांसाठी ‘मेडिकेड’ या योजनांच्या कायद्यावर सही केली. त्यासाठी ते मुद्दाम ट्रुमन यांच्या गावी गेले आणि मेडिकेअरचे पहिले कार्ड त्यांनाच दिले. म्हातारा आणि दरिद्री यांची सोय झाली. कामावर जाणारा मात्र मालकाच्याच भरवशावर राहिला.

मालक देतो की कामगार?

आता आकडे पाहू. अमेरिकेतील केएफएफ ही संस्था दरवर्षी मालकांकडून मिळणाऱ्या विम्याची पाहणी करते. १९९९ साली एका कुटुंबाच्या विम्याचा वार्षिक हप्ता सरासरी ५,७९१ डॉलर होता. २०२५ साली तो २६,९९३ डॉलर झाला, म्हणजे साडेचार पटीहून अधिक. याच काळात सर्वसाधारण महागाई साधारण दुप्पट झाली. आपल्या मॉरिशसच्या रुपयांत सांगायचे तर, डॉलरला ४५ रुपये धरल्यास, एका कुटुंबाचा वर्षाचा हप्ता १२ लाख रुपयांच्या वर जातो.

यापैकी कामगाराच्या पगारातून उघडपणे कापले जातात सरासरी ६,८५० डॉलर. उरलेले २० हजार मालक भरतो. वरवर पाहता मालक उदार दिसतो. परंतु बहुतेक अर्थशास्त्रज्ञांचे मत असे की, ही उदारता म्हणजे आयजीच्या जिवावर बायजी उदार. मालकाच्या हिशेबात कामगारावर होणारा एकूण खर्च एकच असतो. त्यातला जेवढा भाग विम्याकडे जातो तेवढा पगाराकडे जात नाही. वर्षाअखेर मालक म्हणतो, “यंदा विमा महागला, पगारवाढ एवढीच.” कामगाराला आपल्या पावतीवर ६,८५० दिसतात, पण जी पगारवाढ कधी हाती आलीच नाही ती कोठल्याच पावतीवर दिसत नाही.

त्यातला दुसरा अन्याय असा की, हा हप्ता मिळकतीच्या प्रमाणात नसतो. बहुतेक ठिकाणी झाडूवाला आणि मॅनेजर सारखाच आकडा भरतात. वर्षाला ४०,००० डॉलर मिळवणाऱ्याच्या दृष्टीने ६,८५० डॉलर म्हणजे मिळकतीचे १७ टक्के. दोन लाख मिळवणाऱ्याच्या दृष्टीने साडेतीन टक्केही नाहीत. सरकारने असा कर बसवला असता तर लोक रस्त्यावर आले असते. विम्याचा हप्ता म्हणून तो निमूटपणे कापला जातो.

तळाच्या कामगाराची गोष्ट तर निराळीच. केंद्र सरकारने ठरवलेले किमान वेतन २००९ पासून तासाला ७ डॉलर २५ सेंट आहे. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे राबले तर मिळकत १५,०८० डॉलर होते. म्हणजे कुटुंबाच्या विम्याचा पूर्ण हप्ता त्याच्या वर्षभराच्या कमाईच्या पावणेदोन पट आहे. अशा कामगाराला मालक बहुधा विमा देतच नाही. अनेक राज्यांनी आपले किमान वेतन वाढवले आहे हे खरे. पण सर्वांनी नाही.

विमा असूनही बिल

एवढा हप्ता भरल्यावर तरी इस्पितळात निर्धास्त जाता यावे, अशी आपली अपेक्षा असेल. तसे होत नाही. तेथील विम्यात ‘डिडक्टिबल’ नावाची अट असते. वर्षभरात अमुक रकमेपर्यंतचा बहुतेक खर्च रुग्णाने आधी स्वतः करायचा, त्यानंतर विमा कंपनी पुढे येणार. २०२५ साली एकट्या कामगाराच्या विम्यात ही रक्कम सरासरी १,८८६ डॉलर होती. ती ओलांडल्यावरही पुढच्या खर्चातला काही हिस्सा रुग्णाच्याच माथी असतो.

समजा, एका कामगाराचा पाय मोडला. शस्त्रक्रियेचा भाव विमा कंपनीने इस्पितळाशी २०,००० डॉलर ठरवला आहे आणि त्याचा हिस्सा २० टक्के आहे. पहिले १,८८६ त्याचे. उरलेल्या १८,११४ चे २० टक्के, म्हणजे सुमारे ३,६२३, तेही त्याचेच. एकूण झाले ५,५०९ डॉलर, आणि हप्ता वेगळा. ज्याच्या बँकेत हजार डॉलरही शिल्लक नाहीत त्याने हे आणायचे कोठून? कायद्याने या खर्चाला वार्षिक मर्यादा घातली आहे, पण ती मर्यादाच २०२५ साली एकट्या माणसासाठी ९,२०० आणि कुटुंबासाठी १८,४०० डॉलर होती.

शिवाय विमा कंपनीचे करार ठराविक डॉक्टरांशी व इस्पितळांशी असतात. पूर्वी असे होई की, इस्पितळ यादीतले, शस्त्रवैद्य यादीतला, पण भूल देणारा डॉक्टर मात्र यादीबाहेरचा. टेबलावर बेशुद्ध पडलेल्या माणसाला हे कळणार कसे? महिन्याभराने घरी त्याचे हजारो डॉलरचे वेगळे बिल येई. अशा अवचित बिलांना आळा घालणारा कायदा २०२० मध्ये झाला आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. विमानाने रुग्ण नेणाऱ्या सेवेला तो लागू आहे. रस्त्यावरून धावणाऱ्या साध्या ॲम्ब्युलन्सला मात्र त्यातून वगळले गेले. म्हणून आजही काही लोक छातीत कळ आली तरी ॲम्ब्युलन्स न बोलावता टॅक्सीने इस्पितळ गाठतात.

याचा परिणाम म्हणजे कर्ज. केएफएफच्या अभ्यासानुसार अमेरिकेत सुमारे दोन कोटी प्रौढ माणसांवर उपचाराचे देणे आहे, आणि ते एकंदर २२० अब्ज डॉलर तरी आहे. त्यांतील पुष्कळांकडे विमा होता किंवा आहे. थकलेली बिले वसुली कंपन्यांना विकली जातात. काही इस्पितळे कोर्टात जातात आणि अनेक राज्यांत कोर्टाच्या हुकमाने कामगाराच्या पगारातून पैसे कापून घेता येतात. गंमत अशी की, जुने कर्ज बाजारात डॉलरमागे एखाद्या सेंटला विकले जाते. एक धर्मादाय संस्था देणग्या गोळा करून अशी कर्जे विकत घेते व माफ करून टाकते. ज्या कर्जाची किंमत विकणाराच एक सेंट मानतो, त्याच्यासाठी कामगाराने मात्र पूर्ण डॉलर मोजावा ही मागणी!

नोकरी गेली की औषध गेले

सर्वांत मोठी मेख येथे आहे. विमा नोकरीला जोडलेला, म्हणून नोकरीबरोबर तोही जातो. माणूस आजारी पडला, कामावर जाईनासा झाला, नोकरी गेली. म्हणजे ज्या क्षणी विम्याची खरी गरज, त्याच क्षणी तो नाहीसा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

यावर १९८० च्या दशकात ‘कोब्रा’ नावाचा कायदा झाला. साधारण २० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणची नोकरी सुटल्यास बहुधा १८ महिन्यांपर्यंत जुना विमा चालू ठेवता येतो. मात्र मालकाचा हिस्साही आता कामगारानेच भरायचा, वर कारभाराचे दोन टक्के. २०२५ च्या सरासरीने हिशेब केला तर कुटुंबासाठी महिन्याला सुमारे २,३०० डॉलर झाले. पगार बंद झालेल्या माणसाला एवढी रक्कम भरण्याचा हक्क देणे म्हणजे बुडत्याच्या हाती दोर देऊन दोराचे भाडे मागण्यासारखे आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये कोरोनामुळे एका महिन्यात दोन कोटींहून अधिक नोकऱ्या गेल्या, तेव्हा महामारीच्या ऐन भरात कित्येक कुटुंबांपुढे विम्याचाही प्रश्न उभा राहिला.

या भीतीमुळे अनेक कामगार नको असलेली नोकरीही सोडत नाहीत. मुलाला दमा आहे, बायकोला मधुमेह आहे, नवीन धंदा काढावासा वाटतो, पण विम्याचे काय? मालकाशी भांडायचे धाडसही मग होत नाही. पायात खोडा घातलेला बैल आपल्या मनाने कोठे जाणार?

संपाच्या मैदानात

याच कारणाने अमेरिकेतील अलीकडच्या अनेक संपांत पगारापेक्षा विम्याचा प्रश्न पुढे आला. वेस्ट व्हर्जिनिया हे कोळसाखाणींचे राज्य. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेथील सर्व ५५ जिल्ह्यांतील शाळा बंद पडल्या. शिक्षकांचा पगार देशात जवळजवळ तळाला होता आणि राज्य सरकार एक-दोन टक्क्यांची वाढ देऊ करत असताना विम्याचा बोजा त्याहून अधिक वाढणार होता. भरीस भर म्हणून एक योजना आली होती: शिक्षकांनी आपल्या चालण्या-फिरण्याची व प्रकृतीची माहिती फोनवरील एका ॲपला द्यावी, नाहीतर दरमहा २५ डॉलर जादा भरावेत. लोक संतापल्यावर ती योजना मागे घेतली गेली, पण राग शमला नाही. शिक्षक नऊ शाळादिवस संपावर राहिले. शाळेतील जेवणावर अवलंबून असणारी मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांनीच शिध्याच्या पिशव्या बांधून घरोघर पोहोचवल्या. शेवटी पाच टक्के पगारवाढ मिळाली आणि विम्यासाठी समिती नेमली गेली. १९२९ मध्ये ज्या शिक्षकवर्गासाठी पन्नास सेंटची योजना निघाली होती, त्याच वर्गाला नव्वद वर्षांनी विम्यापायी संप करावा लागला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०१९ मध्ये, जनरल मोटर्स या मोटार कंपनीचे सुमारे ४८ हजार कामगार संपावर गेले. दुसऱ्याच दिवशी कंपनीने त्यांच्या विम्याचे पैसे भरणे थांबवले. कामगार संघटनेच्या निधीतून तो भार उचलण्याची पाळी आली. लोकांनी फार टीका केली तेव्हा दहा दिवसांच्या आत कंपनीने निर्णय फिरवला. संप ४० दिवस चालला. वाटाघाटीच्या टेबलावर एका बाजूच्या हाती औषधाची किल्ली असेल तर दुसरी बाजू मनमोकळे बोलू शकत नाही, हे या एका प्रसंगाने साऱ्या देशाला दाखवून दिले.

भाव कोण ठरवतो?

अमेरिकन माणूस फार वेळा डॉक्टरकडे जातो म्हणून खर्च वाढतो, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रिन्स्टन विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ उवे राइनहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवून दिले की, इतर श्रीमंत देशांच्या मानाने अमेरिकन लोक डॉक्टर किंवा इस्पितळ अधिक वापरत नाहीत. तेथे प्रत्येक गोष्टीचा भाव अधिक आहे. इतर देशांत सरकार किंवा सर्व विमा संस्था मिळून भाव ठरवतात. अमेरिकेत शेकडो विमा कंपन्या हजारो इस्पितळांशी वेगवेगळे भाव ठरवतात. एकाच शहरात, एकाच तपासणीचे, एकाच यंत्रावरचे भाव विमा बदलला की बदलतात. हा हिशेब ठेवायला कारकुनांच्या फौजा लागतात आणि त्यांचा पगारही बिलातच येतो. गेल्या तीस-चाळीस वर्षांत इस्पितळे एकमेकांत विलीन होत गेली. गावात एकच मोठी इस्पितळ-कंपनी उरली की तिच्यापुढे विमा कंपनीचे काही चालत नाही.

औषधांचेही तसेच. २००३ च्या एका कायद्याने मेडिकेअरला औषध कंपन्यांशी भावाची घासाघीस करण्यास मनाई होती. २०२२ च्या कायद्याने ती काही औषधांपुरती उठली आणि पहिल्या दहा औषधांचे ठरलेले भाव १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. इन्सुलिनचे उदाहरण तर आपल्या घरोघरी कळेल असे आहे. १९२१ मध्ये टोरांटो येथे त्याचा शोध लागला आणि संशोधकांनी त्याचे हक्क अवघ्या एकेका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकले. शंभर वर्षांनी अमेरिकेत मधुमेही माणसे पैसे वाचवण्यासाठी मात्रा अर्धी करून टोचून घेत होती. २०२३ पासून वृद्धांना महिन्याला ३५ डॉलरपेक्षा अधिक पडू नयेत असा नियम झाला आणि कंपन्यांनीही भाव बरेच उतरवले. ते आधी का उतरले नाहीत, हा प्रश्न मात्र राहतोच.

या सर्वांची बेरीज अशी: १९६० मध्ये अमेरिका आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचे सुमारे ५ टक्के आरोग्यावर खर्च करत होती, २०२३ मध्ये १७.६ टक्के, म्हणजे माणशी १४,५७० डॉलर. एवढे करून त्या वर्षी तेथील सरासरी आयुर्मान ७८.४ वर्षे होते. जपानमध्ये ते ८४ वर्षांच्या आसपास आहे आणि खर्च कितीतरी कमी.

न्यायाने बोलायचे तर अमेरिकन वैद्यकाची थोरवी नाकारता येणार नाही. कर्करोगापासून हृदयरोगापर्यंत अनेक उपचार तेथील प्रयोगशाळांतून जगाला मिळाले. कायदेही स्वस्थ बसलेले नाहीत. १९८६ पासून आणीबाणीच्या रुग्णाला पैशासाठी दारातून परत पाठवता येत नाही. २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या काळात झालेल्या कायद्याने जुन्या आजाराचे कारण दाखवून विमा नाकारणे बंद केले. त्या वेळी साडेचार कोटींहून अधिक लोक विम्याविना होते. २०२३ मध्ये ते सुमारे २ कोटी ६४ लाखांवर आले. परंतु वारा पुन्हा उलटा वाहू लागला आहे. जुलै २०२५ च्या कायद्याने मेडिकेडमध्ये मोठी काटछाट ठरवली. त्या योजनेतील पुष्कळ प्रौढांना महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा सेवा केल्याचा पुरावा द्यावा लागेल. संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयाच्या अंदाजाप्रमाणे या कायद्यामुळे २०३४ पर्यंत सुमारे एक कोटी लोक विम्याबाहेर जातील. म्हणजे सरकारची मदतही हळूहळू नोकरीच्याच खुंटीला बांधली जात आहे.

आपल्यासाठी बोध

मॉरिशसच्या मराठी माणसाला ही खुंटी अगदीच अनोळखी नाही. आपले पूर्वज कोकणातून करारावर येथे आले तेव्हा मोठ्या ऊसमळ्यांवर मालकाने मजुरांसाठी इस्पितळ ठेवावे असा दंडक होता. म्हणजे औषध मालकाच्या आवारात. आजारी मजूर रोगी आहे की कामचुकार, हे ठरवण्यात मालकाच्या माणसांचा शब्द मोठा असे. मळ्याच्या फाटकाबाहेर काढलेल्याला ते दार बंद. औषध आणि चाकरी एकाच दोरीने बांधली की काय होते, हे त्या पिढ्यांनी पाहिले होते. आज कॅन्डोसच्या व्हिक्टोरिया इस्पितळात किंवा पोर्ट लुईसच्या जीतू इस्पितळात जाणाऱ्याला “तुझा मालक कोण?” असे कोणी विचारत नाही. रांग लांब असते, बाक कठीण असतो, तक्रारी खऱ्या असतात. पण दारात पैसे मोजावे लागत नाहीत. ही सेवा आपल्या करांतून चालते, फुकट पडलेली नाही.

आपल्याकडेही ऐपत असलेला माणूस खाजगी क्लिनिककडे वळतो आहे आणि कंपन्याही नोकरांना विमा देऊ लागल्या आहेत. त्यात वावगे काही नाही. परंतु ज्यांचा आवाज मोठा तेच सरकारी रांगेतून निघून गेले तर त्या रांगेची काळजी करणारा कोण उरेल, याचा विचार आपल्या मंडळांतून व संघटनांतून व्हावयास हवा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. ज्यांची मुले-मुली शिक्षणासाठी वा नोकरीसाठी अमेरिकेत आहेत किंवा जाणार आहेत, त्यांनी पगाराचा आकडा ऐकून हरखून जाण्यापूर्वी विम्याचे कागद मागवून वाचावेत. दरमहा किती कापणार, आधी स्वतः किती भरावे लागणार, वर्षाची कमाल मर्यादा किती, आणि जवळचे इस्पितळ यादीत आहे की नाही, हे चार प्रश्न विचारावेत. बिल आलेच तर घाबरून लगेच भरू नये. प्रत्येक बाबीचा तपशील मागावा. तेथील बरीचशी इस्पितळे ‘ना-नफा’ म्हणून करातून सूट घेतात आणि २०१० च्या कायद्याप्रमाणे अडचणीतल्या रुग्णाला सवलत देण्याचे लेखी धोरण ठेवणे त्यांना बंधनकारक आहे. ती सवलत अर्ज केल्याशिवाय बहुधा मिळत नाही, आणि अर्ज आहे हे पुष्कळांना कोणी सांगतच नाही. आपल्या मुलांना ते आपण सांगून ठेवावे.